बाबांच्या हातची नळी

मी नळी बोलतेय. बागेला पाणी घालायची नव्हे, दवाखान्यातली तर नव्हेच. एका म्हाताऱ्या व्हॅनच्या टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारी, हातभर लांबीची रबरी नळी. अंगावर सुती धाग्यांचं विणलेलं काळं आवरण आहे, म्हणून पारखी लोक मला देखणी म्हणतात. पण मुद्दाम माझ्यासाठी कोणी येत नाही. लोक व्हॅनचा रंग बघतात, पुढचे गोल दिवे बघतात, खिडकीतले पडदे बघतात. व्हॅनचं इंजिन मागच्या बाजूला. तिथलं झाकण उचललं तरच मी दिसते, आणि तेव्हाही नजर आधी इंजिनावरच जाते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. विणायचं यंत्र तेवढं आठवतं. माझ्याभोवती धाग्यांची रिळं गोल गोल नाचत होती आणि बघता बघता अंगावर पैरण चढली. मग माझं मोठं वेटोळं करून एका दुकानात खुंटीला टांगलं. ज्याला जेवढी हवी तेवढी दुकानदार कापून द्यायचा. माझी सख्खी भावंडं कुठल्या कुठल्या गाड्यांच्या पोटात गेली, देव जाणे.

मला घेतलं मेनो रेम्ट्सने. उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या बांधालगतच्या गावांमधून तो व्हॅन घेऊन मासे विकायचा. शेजारच्या सीटवर त्याची धाकटी बहीण हिस्का बसायची. ती घंटा वाजवायची, मासे तोलायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. मेनो फक्त गाडी चालवायचा आणि हसायचा.

त्याने मला बसवलं तो दिवस स्पष्ट आठवतो. माझ्या आधीची नळी खाली जमिनीवर पडली होती, तडे गेलेली, दमलेली. मला जागेवर सरकवून मेनोने पट्ट्या आवळल्या, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "दोन हिवाळे नीट काम कर. मग तुला सुट्टी."

माणसं यंत्राशी बोलतात, पण हळू आवाजात, कोणी ऐकत नाही ना ते बघून. मेनोही तसाच होता.

दोन हिवाळे झाले आणि वसंत यायच्या आधीच मेनो गेला. मासे विकायचं थांबलं. व्हॅन शेडमध्ये उभी राहिली. मला सुट्टी द्यायची कोणाच्या लक्षात राहिली नाही, कारण ती मेनोच्या डोक्यात होती आणि मेनो नव्हता.

पुढे किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. कोरडं पडून राहणं रबराला मानवत नाही. मी आतून कडक होत गेले. पैरण मात्र होती तशीच राहिली.

मग एक दिवस शेडचं दार उघडलं. मेनोचा मुलगा ओको आत आला. तोवर त्याचेही केस पांढरे झाले होते. बंदरातल्या बोटींना वाट करून देणाऱ्या पाण्याच्या दरवाज्यांवर त्याने जन्म काढला होता, आणि आता हातात वेळच वेळ होता. त्याने व्हॅनवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बाबा, हिला परत रस्त्यावर आणतो."

आणि आणलीही. गंज खरवडला, पत्रा ठोकला, निळा आणि दुधी रंग पूर्वीसारखाच चढवला. त्याच्या बायकोने, फोल्केने, पडदे शिवले. इंजिन उतरवलं, धुतलं, परत चढवलं. माझ्यापाशी आला तेव्हा मी मनात म्हटलं, चला, सुटले. पण त्याने माझ्या टोकावरची पट्टी पाहिली. तिचा स्क्रू मेनोच्या सवयीप्रमाणे तिरका बसवलेला होता. ओकोने त्यावर अंगठा ठेवला.

"ही राहू दे," तो फोल्केला म्हणाला. "बाबांच्या हातची आहे."

माझ्यावर असं प्रेम कोणी केलं नव्हतं. आणि त्या प्रेमानेच माझा जीव टांगणीला लागला.

कारण पेट्रोल आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. त्यात काय मिसळतात ते मला ठाऊक नाही, पण ते रबराला आतून खातं. टाकी भरल्यावर काही दिवसांतच मला बारीक बारीक तडे गेले. पैरण वरून शाबूत, म्हणून दिसत काही नव्हतं. इंजिन तापलं की मला घाम यायचा. तो घाम म्हणजे पेट्रोल. आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर डिस्ट्रिब्युटर बसलेला, क्षणाक्षणाला ठिणग्या वाटणारा. स्वभावाने वाईट नाही तो. त्याचं कामच ते. पण मी टिपूस गाळायची आणि डोळे मिटून घ्यायची.

फोल्केला वास येत होता. ती शेडच्या दारातच थांबायची.

"ओको, पेट्रोलचा वास येतोय."

"जुनी गाडी आहे. गुलाबाचा येणार आहे का?"

"कालच्यापेक्षा जास्त येतोय."

"तुला मेली माशी शिंकली तरी वास येतो. बाबांच्या वेळीही असाच यायचा."

"बाबांच्या वेळी माशांचा यायचा!"

ती मोटारीच्या सामानाच्या दुकानात जाऊन नवी नळी घेऊन आली होती. आजच्या पेट्रोलला टिकणारी, अंगावर तसा छापही असलेली. सोबत नव्या पट्ट्याही. ओकोने ते पुडकं स्वयंपाकघरातल्या कपाटात पिठाच्या डब्यामागे सारलं. फोल्के त्याला माझी सवत म्हणून चिडवायची. "तुझ्या लाडकीची सवत कपाटात बसलीये रे, कधी आणतोस तिला घरात?" तो हसायचा आणि विषय बदलायचा.

बाबांच्या आठवणीखेरीज त्याला आणखी एक अडचण होती. बंदरावर जुन्या व्हॅनवाल्यांचा एक क्लब होता. वसंत सुरू झाला की सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमायचे आणि एकमेकांची इंजिनं उघडून बघायचे. कोणाच्या गाडीत नवा भाग सापडला की आरडाओरडा व्हायचा आणि त्या मालकाने सगळ्यांना पाजायचं, अशी रीत. ओकोवर ती पाळी कधी आली नव्हती. क्लबचा अध्यक्ष हायो हाबेना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "बघा रे, याला म्हणतात अस्सल." आणि माझा ओको लहान पोरासारखा लाल व्हायचा.

या वसंतातल्या मेळाव्याला त्याने हिस्का आत्याला न्यायचं ठरवलं. आत्या आता खूप म्हातारी झाली होती. काठी घेऊन चालायची, पण जीभ अजून घंटेसारखी होती. आपल्या भावाच्या गाडीत, आपल्या जुन्या सीटवर बसून बंदरापर्यंत जायचं, एवढीच तिची इच्छा होती. तीन माणसं, तापलेलं इंजिन, वाऱ्याने हलणारे पडदे, आणि मागे मी. त्या सकाळी मी जेवढी घाबरले तेवढी कधी घाबरले नव्हते.

ओकोने व्हॅन अंगणात काढली आणि इंजिन चालू करून गरम व्हायला ठेवलं. मला घाम फुटला. एक थेंब खालच्या तापलेल्या पत्र्यावर पडला आणि चर्र करून उडून गेला. दुसरा लोंबकळत राहिला.

फोल्के आत्याचा हात धरून तिला घेऊन आली. आत्या पायरीवर चढली, सीटवर बसली, मांडीवर पर्स ठेवली. मग तिने नाक वर केलं.

"बंद कर."

"काय झालं आत्या?"

"आधी बंद कर रे गाडी!"

ओकोने चावी फिरवली. आत्या काठी टेकत खाली उतरली आणि सरळ मागे आली. "झाकण उघड."

झाकण उघडलं. ती वाकली, चष्मा सारखा केला आणि माझं अंग दोन बोटांत धरून दाबलं. हलकेच दाबलं. तरी मी आतून कुरकुरले, वाळकी फांदी मोडावी तशी. तिने बोटं नाकाशी नेली, मग ओकोच्या नाकाशी धरली.

"हे काय आहे?"

"आत्या, जुन्या गाडीला थोडं..."

"मी वासाबद्दल नाही विचारलं. ही नळी कोणाची?"

"बाबांची." ओकोचा आवाज मऊ झाला. "त्यांनी बसवलेली शेवटची वस्तू. स्क्रू बघ ना, तिरका. मी हात लावलेला नाही तिला. हायो तर म्हणतो..."

"हायो गेला खड्ड्यात," आत्या म्हणाली. "अरे, मेनो दर दोन वर्षांनी ही नळी काढून फेकायचा! हेरिंग माशांचा हंगाम यायच्या आधी. जुनी कापायचा, आत डोकवायचा, शिवी द्यायचा आणि केराच्या डब्यात टाकायचा. आणि तू तिची पूजा मांडलीस?"

ओकोने वाकून माझ्याकडे पुन्हा पाहिलं.

"मला नाही आठवत बाबा कधी असलं काम करताना," तो म्हणाला. "ते रविवारी झाकण उघडून ठेवायचे आणि तासन्‌तास चहा पीत बसायचे. आई ओरडायची, की गाडी उघडी टाकून हा माणूस चहा ढोसतोय."

"आणि मग?"

"मग आई मला आंघोळीला आत न्यायची."

आत्या हसली. तिचे दोन-तीनच दात दिसले, पण हसू तरणं होतं. "बाळा, तो चहा पीत नव्हता. इंजिन गार होऊ देत होता. तीन कप प्यायचा, मग पत्र्यावर हात ठेवून बघायचा, आणि मगच पाना हातात घ्यायचा. तू निम्मंच बघितलंस."

बांधावरच्या मेंढ्या ओरडत होत्या. ओकोने झाकणाच्या कडेला हात टेकला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वडलांचं काहीतरी इतकी वर्षं उलटं धरून बसलो होतो, असं कळल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा होता.

"मेळाव्याला उशीर होईल," तो म्हणाला.

"होऊ दे. मला उशिरा पोचायचंय. पण पोचायचंय," आत्या म्हणाली. "फोल्के, चहा टाक."

फोल्के चहाबरोबर पिठाच्या डब्यामागचं पुडकंही घेऊन आली. ओको शेडच्या दिशेने वळला तशी ती म्हणाली, "आत नाही हं. आत शेगडी पेटलीये."

"मग विझवतो."

"विझवच. तरी काम बाहेर. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साठते, हे दुकानातल्या माणसाने मला दोनदा सांगितलंय. तुला सांगायला सांगितलं होतं. तू ऐकलंस का?"

शेजारच्याला हाक मारून दोघांनी व्हॅन ढकलत अंगणाच्या मोकळ्या कडेला नेली, वाऱ्यावर. मग तिघं खुर्च्या टाकून बसली. तिथल्या रीतीप्रमाणे कपातल्या खडीसाखरेवर गरम चहा ओतताच ती तडकली, वर साय सोडली. पहिला कप, दुसरा कप. मी हळूहळू गार होत गेले. लोंबकळणारा थेंबही वाळला. तिसऱ्या कपानंतर ओको उठला, त्याने पत्र्यावर तळहात ठेवला. आत्याकडे पाहिलं. तिने मान हलवली.

पहिल्यांदा त्याने बॅटरीची तार सोडवली. डिस्ट्रिब्युटर एकदाचा मुका झाला. मग पत्र्याचा कॅन खाली लावून टाकीतलं पेट्रोल सगळं उतरवून घेतलं, झाकण घट्ट लावलं आणि कॅन पार कुंपणापाशी नेऊन ठेवला. फोल्के आग विझवायचं लाल नळकांडं छातीशी धरून उभी राहिली.

"अशी काय उभी आहेस? बाळ झोपवतेयस का?" ओको म्हणाला.

"तू तुझं काम कर. हे रडायला लागलं तर मी बघते."

ओकोने चष्मा चढवला, हातमोजे घातले आणि मेनोचा तिरका स्क्रू सोडवला. तेवढं करताना त्याचा हात थांबला. मग तो मला पिळून ओढायला गेला.

"ओढू नकोस!" आत्या ओरडली. "नळी ज्याच्यावर बसलीये ते पितळेचं तोंड उपटून येईल हातात. लांबीत चीर दे तिला. मेनो तसंच करायचा."

त्याने धारदार पातं घेतलं आणि माझ्या दोन्ही टोकांना उभी चीर दिली. दुखलं नाही. मी सुटले. इतकी वर्षं जी दोन टोकं धरून बसले होते ती सोडली, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी किती दमले होते.

त्याने मला तिथेच ठेवून दिलं नाही. उलटी करून आत पाहिलं. आत काळ्या भेगांची जाळी झाली होती, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखी. त्याने मला जरा वाकवलं आणि माझा एक तुकडा त्याच्या बोटांत भुग्यासारखा सुटला. अंगावरची पैरण मात्र जशीच्या तशी.

त्याने फोल्केकडे पाहिलं. "मी सांगत होते ना" हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं, आणि तिने ते गिळलेलंही दिसलं. माणसाच्या बाबतीत मला यापेक्षा मोठं काही बघायला मिळालेलं नाही.

"हिच्या भरवशावर मी आत्याला गाडीत बसवणार होतो," ओको एवढंच म्हणाला.

मग माझ्या दोन धाकट्या बहिणीही निघाल्या, पंपाजवळची आणि पुढची. एक बदलायची आणि बाकीच्या ठेवायच्या, हे आत्याला मान्य नव्हतं. पत्र्याच्या भोकातून लोखंडी पाइप जातो तिथलं रबरी कडंही झिजलं होतं. तेही बदललं. नवी नळी त्याने सरळ, स्वच्छ कापली, तोंडावर पूर्ण सरकवली आणि पट्टी आवळू लागला. जोर लावून आवळू लागला.

"गळा दाबतोयस का तिचा?" आत्या म्हणाली. "घट्ट बसली की पुरे. जास्त आवळलीस तर पट्टीच कापेल तिला."

तो हसला. मेनोसारखा हसला. आणि शेवटचा पीळ देताना त्याने स्क्रू तिरका वळवला. मुद्दाम केलं की आपोआप झालं, मला सांगता येणार नाही.

थोडंसं पेट्रोल घालून त्याने सगळे जोड बघितले. बॅटरी जोडली. आत्याने पर्समधून आपला पांढराशुभ्र रुमाल काढून दिला. "हा खाली धर. एक डाग पडला तरी मी घरी बसेन."

इंजिन सुरू झालं. फोल्केने रुमाल प्रत्येक जोडाखाली धरला. इंजिन तापू दिलं, बंद केलं, परत धरला. रुमाल पांढराच राहिला. तिने वाकून नाकही लावून पाहिलं.

"काय येतोय वास?" ओकोने विचारलं.

"तेलाचा. आणि तुझ्या घामाचा."

आत्या पुढे गेली, पायरीवर चढली आणि आपल्या सीटवर जाऊन बसली.

मला ओकोने वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या खिशात घातलं होतं. त्यामुळे तो प्रवास मी पहिल्यांदाच पुढे बसून केला. वाटेत दोनदा थांबून त्याने झाकण उघडून बघितलं. आत्याने एकदाही घाई केली नाही. ती खिडकीतून गावांची नावं पुटपुटत होती आणि कोणत्या दारात कोण उधार ठेवायचं ते फोल्केला सांगत होती.

बंदरावर पोचलो तेव्हा बाकीच्यांची जेवणं उरकत आली होती. हायो हाबेना ढेरी सावरत आला, त्याने सवयीने झाकण उचललं आणि बोंब मारली, "नवी! अरे या रे, या! रेम्ट्सने नवी नळी घातली! अस्सल माणूस बाटला!"

सगळे धावले. टाळ्या, शिट्ट्या. ओको लाल झाला, पण त्याने मान खाली घातली नाही. "पाजतो," तो म्हणाला. "सगळ्यांना पाजतो. पण आधी हे बघा."

त्याने मला खिशातून काढलं आणि मासे घातलेल्या पावांच्या ताटलीशेजारी टेबलावर ठेवलं.

"अरे, काय सुंदर आहे!" हायो म्हणाला. "ही काढलीस? वेडा आहेस का? वीण तर बघ."

"दाब तिला."

हायोने दाबलं. मी कुरकुरले. माझ्या चिरेतून काळा भुगा पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडला. हायोने मला उचललं, आत पाहिलं आणि शेजारच्याच्या हातात दिलं. त्याने दुसऱ्याच्या. मी हातोहात फिरले. ज्याच्या हातात जायची तो हसायचा थांबायचा.

त्या शांततेत आत्या काठी आपटत आली. "काय रे, कोणी मेलंय का इथे?"

"नाही आत्या," ओको म्हणाला. "कोणी नाही."

आता मी इथे टेबलावर पडून आहे. मला काढताना वाईट वाटून घेऊ नका, एवढंच माझ्यासारख्या प्रत्येकीच्या वतीने सांगते. तुम्ही आम्हाला जपता ते आम्हाला कळतं. पण आम्ही जपायच्या नसतो, बदलायच्या असतो. ज्याने आम्हाला बसवलं त्याची आठवण आमच्या वाळक्या अंगात नसते, त्याने ज्या काळजीने आम्हाला बसवलं तिच्यात असते. ती काळजी पुढच्या नळीला द्या. मेनोने कबूल केलेली सुट्टी मला मिळाली. उशिरा मिळाली, पण कोणाला काही होण्याआधी मिळाली.

मघापासून एकेक जण आपल्या व्हॅनकडे गेला आहे. झाकणं उघडली जात आहेत. सगळे वाकून बोटांनी चाचपतायत.

हायो सगळ्यांत शेवटी गेला होता. आता तो परत आला आहे, चेहरा पडलेला, बोटं ओली. त्याने ओकोची बाही धरून त्याला जरा बाजूला घेतलं आहे.

"ऐक ना," तो कुजबुजतोय. "त्या पुडक्यात अजून थोडी उरलीये का रे?"